नऊ पिनांवरचे कुंकू

देऊळगाव राजाच्या बाहेर, जालना रस्त्यावरील वजनकाट्यावर निवृत्ती सव्वीस वर्षे बसत होता. ट्रॉली काट्यावर चढली की त्याच्या टेबलावरील आकडे दाखवणाऱ्या जुन्या डब्यात वजन उमटे, ते तारेवाटे संगणकात जाई आणि पावती निघे. त्याचे गुडघे आता दुखू लागले होते. मालक नारायणराव अलीकडे म्हणत, हा डबा बिघडला की नवी यंत्रणा बसवू. तिला माणूस लागत नाही. निवृत्तीला त्या बोलण्याचा राग येत नसे. डबा गेला की आपणही सुटलो, एवढीच त्याची आशा उरली होती.

श्रावणात संगणक बदलला. नव्याला तारेचा जुना प्लग बसेना, म्हणून वीतभर जोडकेबल आणली. तिच्या एका टोकाला नऊ पिना, दुसऱ्या टोकाला यूएसबी.

दसऱ्याला निवृत्तीने रीतीप्रमाणे काट्याची पूजा केली. तार सोडवून पुसली, डब्याला हळदकुंकू वाहिले, आणि जोडकेबल नवीन, म्हणून तिच्या पिनांच्या तोंडावर हळदकुंकवाचे ओले बोट जरा सढळ हाताने टेकवून तार पुन्हा जोडली.

दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या अकरा ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या. डब्यात वजन दिसत होते, संगणकात शून्य. हाताने लिहिलेली पावती गोदामात चालत नसे. दुरुस्ती करणाऱ्या मयुरीने फोनवर सगळे ऐकून घेतले आणि डबा म्हातारा झाला, बदलाच, असे सांगितले. नारायणरावांनी नवी यंत्रणा मागवली. जुना डबा उतरवून ठेव, उद्यापासून तूही आराम कर, असे ते निवृत्तीला म्हणाले.

निवृत्तीने तार सोडवली. नऊ पिनांच्या मुळाशी लाल-पिवळा लगदा बसला होता. मुकाट्याने सगळे गुंडाळले असते, तर उद्यापासून तो घरीच असता. पण सव्वीस वर्षांत ज्याने कधी खोटे वजन दाखवले नाही, त्या डब्यावर ठपका ठेवून त्याला भंगारात कसे घालायचे?

“मालक, डबा चांगला हाय,” तो म्हणाला. “पिनांत कुंकू म्याच भरलं.”

नारायणरावांनी जोडकेबलचे तोंड उजेडात धरले. “पूजा केली का त्याले जेवू घातलं बे?”

ट्रॅक्टरवाले हसले. निवृत्तीने जुना टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून पिना घासल्या, वाळू दिल्या, जोडल्या. संगणकात आकडा उमटला. नारायणरावांनी फोन करून नवी यंत्रणा रद्द केली आणि हंगाम आहे, उद्या सहालाच ये, असे बजावले.

“येतो,” निवृत्ती म्हणाला, आणि गुडघा चोळत त्याने पुढच्या ट्रॉलीला हात केला.