आडे मॅडमचं जर-तर

आडे मॅडम वह्या खिडकीतून बाहेर फेकत. खाली धूळ असो की चिखल, वही भिरकावली जायचीच. गुन्हा एकच, गाइडातलं वाक्य उतरवणं. दहावीला इंग्रजीतल्या जर-तरच्या वाक्यांचा सराव सुरू झाला की कोणीतरी हमखास लिहायचं, ‘जर पाऊस आला, तर मी भिजेन.’ झालं, मॅडमचा पारा चढायचा. “पानी आलं तं वला होशीनच ना! हे सांगाले इंग्रजी कायले पायजे? तुया घरचं जर-तर लिव. गाइडवाल्याचं नोको.”

घाटंजी तालुक्यातल्या त्या शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून लागलो, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. उंच, काटक, डोक्यावर पदर आणि पायात पुरुषी चपला. जन्म बंजारा तांड्यावरचा. फार चिडल्या की पुटपुटणं गोरबोलीत सुरू व्हायचं आणि वर्ग चिडीचूप बसायचा. त्यांना इंग्रजी कोणी शिकवली, असं मी एकदा विचारलं. “कोनं शिकवली? चिडूनच शिकली मी. तुले जमनार नाही म्हनत होते सारे.”

पोरं मग घरचं लिहू लागायची. तांड्यापर्यंत एस.टी. आली, तर मी सायन्स घेईन. आई ऊसतोडीला गेली नाही, तर मी रोज शाळेत येईन. मॅडम आधी वाक्य दुरुस्त करायच्या आणि मग हात धुऊन त्या वाक्याच्या मागे लागायच्या. एस.टी.साठी आगारात अर्जांवर अर्ज, ऊसतोडीला निघालेल्या आईशी तिच्या दारात भांडण. मला हा शुद्ध आचरटपणा वाटायचा. पोर्शन मागे पडलाय, बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय आणि ही बाई गावभर भांडत फिरतेय.

त्या फेब्रुवारीत मॅडमना आठ दिवस निवडणुकीची ड्यूटी लागली. जाताना त्यांनी दहावीचा तास माझ्याकडे सोपवला. मी सराव घेतला, वह्या गोळा केल्या आणि दोन मोकळ्या तासांत सगळा गठ्ठा उरकला. त्यात कविताची वही होती. तिसऱ्या बाकावरची अबोल मुलगी, पंधरा संपून सोळावं लागलेलं. बाप गावातला बडा शेतकरी, दारात ट्रॅक्टर, संस्थेच्या अध्यक्षांकडे रोजचं उठणं-बसणं. तिनं इंग्रजीत लिहिलं होतं, ‘जर येत्या रविवारी माझं लग्न झालं, तर मी परीक्षेला बसणार नाही.’ वाक्य बिनचूक होतं. मी बरोबरची खूण केली, ‘गुड’ लिहिलं, सही ठोकली आणि पुढची वही ओढली.

शनिवारी मॅडम परतल्या आणि आल्या आल्या वह्या चाळायला बसल्या. थोड्या वेळानं ती वही माझ्यासमोर आदळली. “काहून जी सर, हे वाचलं का नुसतं तपासलं?”

मी वाक्य पुन्हा पाहिलं. येता रविवार म्हणजे उद्याच होता. मुख्याध्यापक मध्ये पडले. “व्याकरणाचा सराव आहे हो मॅडम. उदाहरणादाखल लिहिलं असेल पोरीनं.” मॅडमनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “चला,” एवढंच मला म्हणाल्या.

कविताचा बाप अंगणातच भेटला. अगदी गोड माणूस. “या ना जी मॅडम. लग्न कायचं? उद्या साक्षगंध हाय फक्त. महागावचे पाव्हने येऊन राह्यले.” मला हायसं वाटलं, मी परत फिरायलाही निघालो. मॅडम मात्र गोठ्याच्या बाजूला बघत होत्या. तिथं जांभळाच्या हिरव्या डहाळ्यांचा ढीग पडला होता. “साक्षगंधाले मांडव-डहाळे कवापासून लागाले लागले, भाऊ?” बापाचा चेहरा उतरला. आमच्याकडे ही युक्ती जुनीच आहे. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, असं सांगायचं आणि त्याच दिवशी लग्न उरकून टाकायचं. “मॅडम, तुमी तुमचं इंग्रजी शिकवा,” तो म्हणाला. “तेच तं करून राह्यली,” म्हणत मॅडमनी अंगणात उभं राहूनच चाइल्ड हेल्पलाइनला फोन लावला.

लग्न थांबलं. बापाकडून लेखी हमीपत्र घेतलं गेलं आणि मार्चमध्ये कविता परीक्षेला बसली. प्रत्येक पेपरला मॅडम केंद्राच्या फाटकाबाहेर उन्हात उभ्या असायच्या, बापानं मध्येच ओढून नेऊ नये म्हणून.

मग संस्थेनं मॅडमची चौकशी लावली. आरोप काय, तर सरावाच्या नावाखाली विद्यार्थ्यांच्या खाजगी बाबी लिहून घेणे! माझ्याकडे लेखी जबाब मागितला. माझ्या नोकरीची मान्यता तेव्हा संस्थेकडेच अडकलेली होती. मी लिहून दिलं, ‘वही तपासताना त्या वाक्यात मला काहीही वावगं आढळलं नाही.’ शब्द न् शब्द खरा होता. त्याच्याच जोरावर ‘मॅडमनी राईचा पर्वत केला’ असं ठरलं आणि त्यांची दहावी काढून घेतली. शेवटचं वर्ष त्यांनी पाचवीला एबीसीडी गिरवायला लावत काढलं. संस्थेतल्या त्या माणसांची मला आजही चीड येते. त्याहून जास्त माझी येते.

निवृत्तीच्या दिवशी मॅडमनी शाल-श्रीफळ घेतलं नाही. सत्काराच्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. फाटकापाशी गाठून मी माफी मागितली, तर भडकल्या. “मले कायले मांगता? मायं काय गेलं? ते छोरी हॉस्टेलवर हाय, अकरावीले. तिले जाऊन मांगा.”

दोन आठवडे टाळून शेवटी मी गेलो. कविता भेटीच्या खोलीत आली, समोर उभी राहिली. मी चाचरत म्हणालो, “तुझं वाक्य माझ्या लक्षातच आलं नाही. मॅडम असत्या तर...”

“मॅडम ड्यूटीवर हायत हे मले मालूम होतं, सर,” ती शांतपणे म्हणाली. “वही तुमच्यापाशीच जाईन, हेही मालूम होतं. ते तुमच्याचसाठी लिवलं होतं मी.”