नागाप्पांवरचा प्रयोग

उचगावच्या नागाप्पांची थोरली दानेश्वरी लहानपणापासूनच आगाऊ. शाळेत तिनं आरशाच्या तुकड्यानं मास्तरांच्या टकलावर कवडसा पाडला होता, आणि पकडल्यावर प्रकाशाचा अभ्यास चाललाय असं सांगून सुटली होती. पुढं तिनं खरोखरच तो अभ्यास धरला.

२००२ साली ती पीएचडी करत होती. विषय विचारणारा दुसऱ्याच वाक्याला घड्याळ बघायचा. आई अक्काताईंना मात्र तिनं भाकरी थापता थापता समजावलं होतं. सेमीकंडक्टरचा एक अतिपातळ थर दुसऱ्या दोन थरांमध्ये बसवलेला असतो. त्यात अडकलेले इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून घेतात. पण लेसरचा पहिला झोत जोरात हाणला, की थराचं पोट भरतं आणि लगेच पाठोपाठ आलेला दुसरा झोत जवळजवळ तसाच पार जातो. मात्र रेंगाळायचं नाही, कारण सेकंदाचा अब्जावा भाग सरेपर्यंत थर पुन्हा भुकेला होतो.

“म्हंजे तुझ्या अप्पांसारखंच की,” अक्काताई म्हणाल्या.

नागाप्पा गुळाचे अडते. त्यांच्या रागाला सगळा बाजार टरकून असायचा, पण एकावर तोंडसुख घेतलं की पुढच्याला ते काही बोलत नसत. दानेश्वरीच्या प्रयोगाचा लेसर मुंबईत होता. सहा महिने तिथं राहायला मिळालं नाही तर पीएचडी अर्धवट राहणार, आणि मुरगूडचं स्थळ अप्पांनी हेरून ठेवलेलंच होतं. म्हणून ठरलं असं, की धाकट्या अमरेशनं आधी जाऊन नवी स्कूटर ठोकल्याची थाप मारायची. तो इतक्या आनंदानं तयार झाला, की तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

रविवारी जेवणं झाल्यावर अमरेश पुढच्या सोप्यात बसलेल्या अप्पांकडं गेला. नागाप्पांनी घर डोक्यावर घेतलं. तो लाल कानांनी बाहेर पडला तशी दानेश्वरी आत शिरली आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली.

“जा,” नागाप्पा म्हणाले. ती वळली, तसं त्यांनी थांबवलं. “सौद्यात मी रोज ह्येच करतोय. आधी चढा भाव सांगायचा, गिऱ्हाईक वरडून दमलं की मग खरा.”

दानेश्वरीनं मान खाली घातली आणि स्कूटरची थाप कबूल करून टाकली.

“कसली थाप? मडगार्ड चेपलंय. सकाळीच बघितलंय मी.”

अमरेशनं स्कूटर खरंच ठोकली होती आणि तिच्याच प्रयोगात आपलंही घोडं पुढं दामटलं होतं. तिला हसू फुटणार, तोच नागाप्पांचा आवाज उतरला.

“त्यो भ्याला, त्ये कळतंय. तू कशाला भ्यालीस? तुला मी कधी न्हाय म्हणलोय?”

तिनं आठवून पाहिलं. कॉलेजच्या वेळी आईला पुढं घातलं होतं, विद्यापीठाच्या वेळी मामाला. स्वतः तिनं अप्पांना कधी काही विचारलंच नव्हतं. तिला फार वाईट वाटलं.

“आता एकटी इचार,” ते म्हणाले.

तिनं विचारलं. या वेळी एका दमात नाही, एकेक शब्द जुळवत. पोरगी सहा महिने घरात नसणार, हे नागाप्पांना आत्ता कुठं लागलं.

“जा,” ते शेवटी म्हणाले, आणि डोळे पुसून त्यांनी अमरेशला खणखणीत हाक मारली. थर पुन्हा भुकेला झाला होता.