भोईरमामांची मोकळी जागा

मॅनेजर म्हणून पहिल्याच दिवशी मी चुकीच्या जागी बसलो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची झाकणं बनवणारा आमचा कारखाना. नव्वदचं दशक सरत आलं होतं. पत्रा दाबून कापणारा प्रेस बिघडला होता आणि सगळे कामगार जमिनीवर गोल करून बसले होते. एक जागा मोकळी दिसली, तिथे मी टेकलो. फोरमन भोईरमामा शांतपणे म्हणाले, "साहेब, उठा. तिथं मानूस बसलाय."

तो माणूस म्हणजे जवळच्या म्हसा गावचा कामगार शंकर. मी येण्याआधी तो याच प्रेसखाली सापडून गेला होता. अडकलेला पत्रा काढायला त्याला मामांनीच पाठवलं होतं. "सगळ्यांना इचारलं, ज्याला आत वाकायचं होतं त्यालाच नाय इचारलं," हे मामा कुणापासून लपवत नसत.

तेव्हापासून त्यांची पद्धत ठरलेली. काही बिघडलं की गोल करायचा. आधी फक्त काय दिसलं ते सांगायचं, मध्येच कुणी उपाय सुचवला की मामा म्हणत, "लावनीच्या आदी मळनी नको." मग ते कशामुळे झालं याचा शोध. मग निदान तीन उपाय, त्यातला एक वेडगळ असला तरी चालेल. एक निवडून झाला की मामा मोकळ्या जागेकडे वळून विचारत, "शंकर, तुला काय वाटतं?" मिनिटभर चिडीचूप. मग मान हलवून ते उठत, आणि दुसऱ्या दिवशी उपाय टिकला का ते न चुकता बघत. मी मनातल्या मनात हसायचो, पण त्या जागेवर पाय ठेवायची माझी छाती नव्हती.

एका दुपारी प्रेसमध्ये पत्रा अडकला. माल संध्याकाळी जायचा होता, मालकांचे दोन फोन येऊन गेले होते. मशीन खोलायचं तर दिवस जाणार. मेन स्विच पाडून, आत वाकून पत्रा ओढायचा तर दहा मिनिटं. सगळ्यांना दहा मिनिटंच पटली. वाकणार मी, कारण घाई माझी होती. मामांनी शंकरला विचारलं. एक मिनिट झालं, दोन झाली. मामांच्या कपाळावर घाम आला.

"नाय बोलतो," ते म्हणाले.

मेलेल्या माणसाच्या मतावर मी कारखाना चालवणार नाही, असं सुनावून मी तरातरा प्रेसपाशी गेलो आणि वाकलो. मामांनी कॉलर धरून मला मागे खेचलं. वीज बंद होती, कुणी हात लावला नव्हता, तरी वरचा लोखंडी ठोकळा धाडकन खाली आला. तिथे माझं डोकं असतं. मामा माझ्याकडे बघतही नव्हते. मोकळ्या जागेकडे बघून हळूच म्हणाले, "बरं रे."

नंतर मशीन खोललं, तर ठोकळा वर धरून ठेवणाऱ्या ब्रेकची स्प्रिंग तुटलेली सापडली. कारण मिळालं, पण माझी भीती काही गेली नाही.

मामा गेले त्याच्या महिनाभर आधी मी टोकावड्याला त्यांच्या घरी गेलो होतो. अंथरुणाला खिळले होते. इतकी वर्षं मनात होतं ते विचारलंच, की शंकर खरंच उत्तर द्यायचा का.

"नाय ओ. तेवढा येळ सगळ्यांनी गप बसावं म्हनून इचारायचो. गप बसलं का चूक दिसते." मग आढ्याकडे बघत ते म्हणाले, "तो एकदाच बोलला, साहेब. त्या दुपारी. मी जाम घाबरलो."