खंडेनवमीपर्यंतची ड्रॉइंगं

श्रावणातल्या एका सोमवारी आमच्या पॅटर्न शॉपमधल्या कॉम्प्युटरवरची एकही फाइल उघडली नाही. माझे यजमान त्याआधी वैशाखात वारले होते.

फाउंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो. मातीत त्याचा ठसा घेतात आणि त्या पोकळीत रस ओततात. तो नमुना म्हणजे पॅटर्न, आणि ते करून देणं हा आमचा धंदा. प्रत्येक पॅटर्नचं आधी ड्रॉइंग होतं. आमच्याकडची सगळी ड्रॉइंगं यजमानांनी काढलेली. कागदावरची बरीचशी एका पुरात भिजून गेली, तेव्हापासून ते कॉम्प्युटरवर काढू लागले. तिथे पाणी येत नाही, असं म्हणायचे. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, लाकूडकाम करणाऱ्या आमच्या मिस्त्रींसाठी एखादी ओळ लिहायची त्यांची सवय मात्र कागदावरून कॉम्प्युटरवरही आली. ‘मिस्त्री, या वळणाला घाई नको.’ ‘सागवान वापरा, मागच्यासारखं करू नका.’

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. कारखान्यात जायचे ते वर्षातून एकदा, खंडेनवमीला. ते गेल्यावर मी रोज जाऊ लागले. काम फारसं कळत नव्हतं. ड्रॉइंगं उघडायची आणि कोपऱ्यातल्या ओळी वाचायच्या, एवढं जमत होतं. गेल्या दिवाळीनंतर त्यांचा आजार कळला होता. त्या हिवाळ्यात ते दुपारी थोडा वेळ येऊन बसत आणि काढत. ती ड्रॉइंगं मी शेवटी वाचायची म्हणून राखून ठेवली होती.

त्या सोमवारी मी पोचले तेव्हा मिस्त्री दारातच उभे होते. ते मला वहिनी म्हणतात. यजमान त्यांच्यासाठी शेवटपर्यंत मालकच होते.

“वहिनी, मालकांच्या नावानं मेल आलता,” ते म्हणाले. “ड्रॉइंग पाठवलंय, रेट कळवा म्हणून. म्हटलं, जुनं गिऱ्हाईक असंल, त्यास्नी अजून कळलं नसंल. उघडला. आता कायबी उघडंना झालंय. इंग्रजीत लिवलंय, कुलूप घातलंय म्हणं. पैसे पाठवा, मग किल्ली देतो.”

त्यांना काही बोलावं असं मला वाटलं नाही. यजमानांच्या नावानं आलेलं काही मीही उघडलंच असतं.

ड्रॉइंगं नाहीत म्हणजे हातातली कामं थांबणार, आणि थोड्या दिवसांत कारखानाही. आमच्या करसल्लागारांनी एका बाईंना पाठवलं. छोट्या कारखान्यांत जाऊन असा हल्ला झाला तर तुम्ही सावराल का, हे तपासण्याचं त्यांचं काम. आमच्याकडे त्या हल्ला झाल्यावर आल्या. कळंब्याहून स्कूटरवर आल्या आणि हेल्मेट हातात घेऊनच आत शिरल्या.

“या पावणं. चहा घ्या आधी,” मिस्त्री म्हणाले.

“चहा नंतर. इंटरनेटची वायर काढली का?”

“सगळंच काढलंय की. पंखा तेवढा ऱ्हायलाय.”

बाई हसल्या. मग बसून एकेक विचारू लागल्या. पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे? सगळ्यांना, मिस्त्री म्हणाले. फळ्यावरच लिहिलाय, मालकांचा हुकूम होता, काम अडायला नको. ड्रॉइंगांची कॉपी आहे का?

“हाय की. ती काय डिस्क. कॉम्प्युटरलाच लावून ठेवलीया. हरवाय नको म्हणून दोरीनं टेबलाला बांधलीया.”

बाईंनी डिस्क सोडवली, स्वतःजवळच्या लॅपटॉपवर बराच वेळ पाहिली आणि मान हलवली. ती कायम जोडलेली होती, म्हणून कुलूप तिलाही लागलं होतं. पैसे दिले तर किल्ली मिळेलच असं नाही, असं त्यांनी सांगितलं. द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण पोलिसांत तक्रार आजच करा.

“या कॉम्प्युटरला जोडलेली नाही, अशी एखादी कॉपी कुठे आहे का? घरी, कपाटात, कुठेही?”

मी नाही म्हटलं. मिस्त्री वर पत्र्याकडे बघत होते.

“वहिनी, खंडेनवमीला मालक ताटात काय ठेवायचे?”

मला आठवलं. खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या हत्यारांची पूजा होते. पटाशी, रंधा, करवत, मापाच्या पट्ट्या, सगळं धुऊनपुसून मांडायचं. कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातलेली यजमानांना आवडायची नाही. माझं हत्यार हे डबडं नाही, ड्रॉइंग आहे, असं म्हणून ते सगळी ड्रॉइंगं एका पेनड्राइव्हवर घ्यायचे आणि तो पटाशीशेजारी ताटात ठेवायचे. संध्याकाळी पूजेचं साहित्य घरी आलं की तोही यायचा. पुढच्या दसऱ्यापर्यंत त्याच्याकडे कोणी पाहायचं नाही.

मी रिक्षाने घरी गेले. देवघराच्या कप्प्यात, कापसाच्या वातींच्या डब्यात तो होता. टोपणात कुंकू गेलं होतं.

कारखान्यात आल्यावर मिस्त्रींनी तो हातातून घेतला. “लावून बघूया की.”

“या कॉम्प्युटरला नाही,” बाईंनी त्यांचा हात धरला. “हाही जाईल. आज नाही. माझ्या लॅपटॉपला ती डिस्क लावून झालीय, मी उद्या कोरा लॅपटॉप आणते.”

“उद्या?”

“उद्या.”

मिस्त्रींनी पेनड्राइव्ह माझ्याकडे दिला. रात्रभर तो माझ्या उशाशी होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी टोपणातलं कुंकू कोरड्या ब्रशने काढलं आणि तो लावला. ड्रॉइंगं उघडली. मिस्त्रींनी पंपाचं एक ओळखलं आणि कोपऱ्यातली ओळ मोठ्याने वाचली: “मिस्त्री, चष्मा लावून बघा.” मग ते बाहेर जाऊन चहा सांगून आले.

मी खाली खाली जात राहिले. शेवटचं ड्रॉइंग खंडेनवमीच्या आदल्या दिवसाचं होतं. हिवाळ्यातलं त्यात काही असणार नाही, हे मला रिक्षातच समजलं होतं. तरीही मी शेवटपर्यंत गेले.

हिवाळ्यातली पॅटर्नं मात्र फळीवर होती. मिस्त्रींनी एकेक उतरवून मापं घेतली आणि त्यावरून नवीन ड्रॉइंगं करून घेतली. मापं बरोबर आहेत. कोपरे मोकळे आहेत.

पैसे आम्ही पाठवले नाहीत. कॉम्प्युटर पुसून नव्याने सुरू केला, फळ्यावरचा पासवर्डही पुसला. भाद्रपदात बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांचं खरं काम होतं.

“समजा, उद्या सकाळी परत असंच झालं. पहिला फोन कोणाला?”

“मालकांना,” मिस्त्री म्हणाले.

बाईंनी वहीत काही लिहिलं नाही. मी माझा नंबर सांगितला, आणि तो बाईंनी मोठ्या अक्षरांत लिहून फळ्यावर लावला. त्याखाली त्यांचा स्वतःचा.

यंदाच्या खंडेनवमीला पेनड्राइव्ह ताटात ठेवला. आदल्या दिवशी बाईंनी तो दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहिला होता. “देवाच्या आधी आता मॅडमना दाखवायचा,” मिस्त्री म्हणाले. दुसरी एक कॉपी माझ्या पुस्तकांच्या कपाटात असते. ती मी दर महिन्याला कारखान्यात नेऊन उघडून पाहते आणि परत आणते.

खंडेनवमीपर्यंतची ड्रॉइंगं आहेत. हिवाळ्यातली नाहीत. कारखाना चालू आहे.