गाळलेलं वाक्य

प्रिय मीरा आणि ईशान,

ईशान, हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि विचारलंस, "आजी, तुला हे कळेल का?" मी जेवणाखाण्याचा विषय काढला. बोलायला जमलं नाही, म्हणून लिहिते आहे. माझ्या नानाआत्याबद्दल मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही.

कल्याणच्या आमच्या घरी दर पंधरवड्याला न्हावी यायचा, आणि त्या दिवशी नानाआत्या सकाळपासून खुशीत असायची. ती बाबांची धाकटी बहीण, अकराव्या वर्षी विधवा झालेली. तेव्हा विधवेचं डोकं करायची रीत होती. आळीतल्या इतर विधवा न्हाव्यासमोर मान खाली घालून बसत. ही पाटावर ताठ बसायची, मग तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत बाबांचा दाढीचा आरसा मागायची. नाव दुर्गा, पण आम्हा मुलांना सांगायची, "मला नाना म्हणा." आम्ही नानाआत्या म्हणू लागलो. मोठ्यांना ती थट्टा वाटे.

बाबा शाळामास्तर आणि सुधारक. मी मॅट्रिकला असताना त्यांनी न्हाव्याचं येणं बंद केलं. "दुर्गे, हा जुलूम माझ्या घरात चालायचा नाही," म्हणाले आणि तिच्यासाठी फुलाफुलांचं लुगडं आणलं. गावाने त्यांची वाहवा केली. आत्या हात जोडून म्हणाली, "दादा, माझा जुलूम मला राहू दे." सगळ्यांना वाटलं, ती कर्मठ आहे. केस मानेपर्यंत आले तसं तिचं जेवण सुटलं. एकदा तिने स्वतःच केस कापले, तेव्हा आईने कात्री कपाटात कुलपाखाली ठेवली. एकदा आईने तिला विहिरीच्या कठड्यावरून हाताला धरून आणलं.

पुढे मी कॉलेजात गेले. दुपारी तिला इंग्रजी पेपर मराठीत सांगायचे. एक दिवस बातमी होती: युरोपात इंजेक्शनं देऊन, ऑपरेशन करून एक पुरुष बाई झाला. मी ती हसत सांगितली. तांदूळ निवडणारे तिचे हात थांबले.

"उलटंही होत असेल का गं, शांते?"

"होत असेल," मी म्हटलं.

त्याच महिन्यात बाबा तिला ठाण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेणार होते. दुखण्याची हकीकत इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. आत्याने ती मला पेन्सिलीने लिहून दिली. झोप नाही, भूक नाही, जीव नकोसा. आणि शेवटी: "मी बाई नाही. पुरुष होण्याचे औषध असल्यास द्यावे. नसल्यास डोके तरी करू द्यावे."

मी सगळं आकडे घालून, नीट उतरवलं. शेवटचं तेवढं गाळलं. तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील अशी भीती वाटली, आणि लाज वाटली. लाज जास्त होती.

डॉक्टरांनी माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं आणि बायकांच्या उदासीवर देतात ती, बाईपणाच्याच हार्मोनची इंजेक्शनं लिहून दिली. दर सोमवारी कंपाउंडर घरी यायचा. आत्या आपणहून दंड पुढे करायची. ती पुन्हा जेवू लागली, बाबांचा आरसा मागू लागली. आरशात बघत वरच्या ओठावरून बोट फिरवायची. ती काय शोधते आहे हे मला कळत होतं.

दोनेक महिन्यांनी तिची छाती दुखू लागली, भरू लागली. तिने मला माजघरात बोलावलं.

"शेवटचं लिहिलं होतंस ना?"

मी खाली बघत राहिले. ती रागावली नाही. "तुला सगळं कळतं म्हणून तुझ्याकडे दिलं होतं," एवढंच म्हणाली.

चार दिवसांनी सकाळी उठलो तर ती घरात नव्हती. कपाटाचं कुलूप तोडलेलं होतं, पाटाजवळ केस पडले होते, आणि बाबांचं धोतर, कोट आणि टोपी नव्हती. बाबांनी स्टेशनवर चौकशी केली, ठाण्याला कोपरीपर्यंत जाऊन विचारलं. अशी कोणी बाई दिसली नाही, असं सगळे म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

ईशान, मला कळतं. तेव्हाही कळलं होतं.

तो पेन्सिलीने लिहिलेला कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. वरचा मजकूर पुसट झाला आहे. शेवटच्या ओळी अजून वाचता येतात.