अर्धी राहिलेली ट्रेस फाइल

"तुम बाहर ही रुको, बेटा. तुम लोग तो पूजा मानते नहीं."

सर लॅबच्या दारात म्हणाले. हसून म्हणाले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या जबलपूरच्या कॉलेजात मशीनची पूजा होते. मी एम.टेक.ला, सर माझे गाइड. थेसिसवर सही त्यांचीच लागते. मी चप्पल काढून उभी होती, तशीच उभी राहिली.

मानत नाही, खरं आहे. आम्ही बौद्ध. पण माझ्या वर्गातला एक पंडिताघरचा पोरगा देवबिव सब बकवास म्हणत फिरते. तो आत पेढा खाऊन राहिला होता. त्याला कोणी काही विचारलं नाही.

आत माझं काम चालू होतं. नेटवर्क सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरमध्ये रचलेलं खोटं नेटवर्क. त्याला वर्दळ लागते, ती ट्रेस फाइलमधून येते. कोणतं पॅकेट केव्हा निघालं, केवढं होतं, बस एवढंच. पण सगळं बायनरीत. उघडून पाहाल तर कचरा दिसतो. माझा प्रोग्राम परवापासून ती फाइल लिहून राहिला होता. स्क्रीनवर चिठ्ठी चिकटवली होती, बंद करू नका.

नर्मदाजल शिंपडायचं म्हणून सरांनी मशीन बंद केली. मी दारातून पाहिलं. मशीनवर शिंपडलं, चला, पूजा आहे. मग माझ्या खुर्चीवर शिंपडलं. बाकीच्या खुर्च्या कोरड्या होत्या. माझ्या अंगाची आग आग झाली.

पूजेनंतर म्हटलं, "सर, फाइल अधूरी रह गई. फिर से बनानी पड़ेगी."

"दिख तो रही है फाइल," म्हणाले, आणि सुट्टीसाठी लॅबला कुलूप लावलं.

सुट्टी संपली त्याच सकाळी लॅबमधलं काम पाहायला दिल्लीचे पाहुणे आले. सिम्युलेटर फाइल वाचत वाचत तुटल्या जागी आला आणि बंद पडला. सर पाहुण्यांकडे वळले. "रिज़र्वेशन कोटे से आते हैं, क्या करें." मग मला म्हणाले, "सबके सामने सॉरी बोलो. बात खत्म."

शाळेपासून सॉरीच म्हणत आली होती मी. कधी कशासाठी, कधी उगाच. त्या दिवशी तोंडातून निघेचना.

"मशीन आपने बंद की थी, सर. पूजा के लिए. मैं बाहर खड़ी थी."

तो नास्तिक पोरगा मोबाइल पाहून राहिला होता.

तेव्हापासून सही अडली आहे. गाइड बदलून मागितला. दुसरे सर म्हणतात, देखते हैं. कोणी घेणार नाही, मला माहीत आहे. बाबांनी रिछाईच्या कारखान्यात हाडं झिजवून शिकवलं, ते आता माझ्याशी बोलताना खाली पाहतात.

आई रोज म्हणते, "म्हणून टाक ना बाई. एका सॉरीनं का होते? सही होऊन जाईल."

काल ती रडली. मी तिच्याजवळ बसली, डोळे पुसले. म्हटलं, "आई, सही नाही मिळाली तर नाही मिळाली. तू रड, मी पण रडीन. पण सॉरी म्हणणार नाही."

आज पुन्हा सरांचं बोलावणं आलं आहे, सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला. जाऊन तेच सांगीन. हिंदीत सांगीन, म्हणजे समजलं नाही म्हणायला कोणाला जागा उरणार नाही.