वाऱ्याची व्यवस्था

सरकारी नोकरीत माणसाजवळ शेवटी काही उरत नाही म्हणतात. खोटं आहे. किस्से उरतात. आम्ही पंचायत समितीतले दोन-तीन म्हातारे रोज संध्याकाळी बुलढाण्यात एका ओट्यावर बसतो. कुणीतरी "ते आठवतं का" म्हणून सुरुवात करतो, आणि मग घरून जेवायला बोलावणं आलं तरी कुणी उठत नाही. आमचा वानखडे ग्रामसेवक त्यात असतोच. मी एखादी गोष्ट थोडी वाढवून सांगितली की तो लगेच म्हणतो, "असं नव्हतं झालं. याच्यापेक्षा वाईट होतं."

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि पंचायत समित्याही नव्या कोऱ्या होत्या. मी शेती विस्तार अधिकारी होतो. आमचे बीडीओ साहेब पुण्याकडचे. माणूस भला, कुणाचं वाईट चिंतणार नाही. फक्त खिडकीबाहेर काय दिसतंय यापेक्षा परिपत्रकात काय लिहिलंय यावर त्यांचा भरवसा जास्त. वानखडेकडे घाटाखालचं एक गाव होतं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून बाजारात भेटतात.

त्या गावात सोनाजी माळी म्हणून वांगी-मिरचीचा मळा करणारा शेतकरी होता. त्याला सरकारकडून एकच गोष्ट हवी होती. विहीर खोल करून हवी होती. खाली काळा खडक लागला होता, सुरुंगाशिवाय काम होणार नव्हतं. फाल्गुन लागला की पाणी तळाला जायचं आणि त्याची बायको गिरजाबाई नाल्यातल्या झिऱ्यावरून घागरी आणून एकेका झाडाला पाणी घालायची. विहिरी खोल करायला सरकारी अनुदान होतं. पण ते प्रगतिशील शेतकऱ्यालाच मिळायचं. तेव्हा सोनाजी प्रगतिशील आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं होतं. म्हणून जी नवी योजना येई, ती बीडीओ साहेब सोनाजीच्या गळ्यात घालत आणि म्हणत, "एवढं करा, मग विहिरीचं बघू."

सोनाजी प्रत्येक वेळी "हाव" म्हणायचा.

०

लढाईचे दिवस होते. वरून हुकूम आला, रात्री उजेड दिसता कामा नये. विजेच्या दिव्यांना काळा कागद लावावा, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग रंगवावा. आता या गावात वीज पोचायला अजून कितीतरी वर्षं होती. मोटार म्हणजे आमची जीप, तीही ढकलून चालू व्हायची. पण हुकूम सगळ्या गावांना होता, त्यामुळे वानखडेने दवंडी दिली आणि चावडीसमोर सभा घेतली. बीडीओ साहेब स्वतः आले. शत्रूचं विमान वरून उजेड पाहतं आणि नेमका तिथेच बॉम्ब टाकतं, हे त्यांनी फार चांगलं समजावून सांगितलं.

सोनाजीने हात वर केला.

"सायेब, आमचं गाव सरकारले दिवसा दिसून नाही राह्यलं. त्या विमानाले राती कसं दिसन?"

साहेबांनी हातातला हुकूम पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "शंका रास्त आहे. पण चिमण्या झाका." सोनाजीने घरची एकुलती एक चिमणी झाकली. गिरजाबाई आठवडाभर अंधारात भाकरी थापत होती, आणि भाकरीचा आकार चुकला की सोनाजी म्हणायचा, "विहीर खोल होऊ दे, मग गोल कर."

०

त्याच महिन्यात माझ्या खात्याचा हुकूम आला. पिकावरची कीड मारायला शेतात प्रकाशसापळे लावायचे. दिवस मावळला की बांधावर गॅसबत्ती टांगायची, खाली परातीत पाणी आणि थोडं रॉकेल ठेवायचं. पतंग उजेडाला येतात, आपटतात आणि मरतात. गॅसबत्तीला अनुदान. तालुक्यातला पहिला सापळा अर्थातच सोनाजीच्या मळ्यात.

मी दोन्ही कागद घेऊन साहेबांकडे गेलो. म्हटलं, एक खातं म्हणतं उजेड करा, दुसरं म्हणतं करू नका. काय करायचं?

साहेबांनी चष्मा पुसला, दोन्ही कागद पुन्हा वाचले. "यात विरोध कुठे आहे? बत्ती लावावी. उजेड बाहेर पडू देऊ नये."

मी ते सोनाजीला जसंच्या तसं सांगितलं. तो "हाव" म्हणाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन पाहतो तर त्याने बत्ती पेटवून तिच्यावर घमेलं पालथं घातलेलं, घमेल्यावर गोणपाट टाकलेलं, आणि शेजारी आपण उकिडवा बसलेला. परातीत एकही किडा नव्हता.

"किडे येत नाहीत का हो, सोनाजीभाऊ?"

"कसे येतीन? त्यायले हुकूम वाचता नाही येत." आणि मग गोणपाट नीट करत म्हणाला, "पण आपण दोन्ही पाळले ना सायेब? लिहा मंग."

मी लिहिलं. सापळ्यासाठी अनुदानावर वाटलेल्या बाकी गॅसबत्त्या कुठे गेल्या, ते मी विचारलं नाही. लढाई संपली आणि त्या वर्षी तालुक्यातल्या लग्नांना उजेड मात्र फार चांगला होता.

०

मग खताची योजना. पांढरं खत, अर्ध्या किमतीत. नमुना मळा करून दाखवायचा आणि रस्त्याच्या कडेला फलक लावायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. साहेब म्हणाले, "सोनाजी." सोनाजी म्हणाला, "हाव."

फलक लागला. वांगी अशी काही लगडली की दुसऱ्या तालुक्यातले अधिकारी बघायला आले. एकाने तर पत्नीसाठी पिशवी भरून नेली. खताचं एवढं कौतुक झालं की मलाही दोन शब्द बोलायला लावले.

सगळे गेल्यावर मी सोनाजीला विचारलं, "खत कधी टाकलंत? किती टाकलंत?"

"खत घरातच हाये सायेब. म्या तर शेणखतच टाकलं, नेहमीसारखं. पाणी नाही त् थे पांढरं टाकून झाडं जाळू काय?"

"मग पोत्यांचं काय केलंत?"

"त्यावर झोपतो. लई चांगलं खत हाये. पाठ दुखाची राह्यली."

मी विहिरीचा कागद पुन्हा वर पाठवला. सोबत फलकाचा फोटो जोडला. उत्तर आलं की प्रगती समाधानकारक आहे, आणखी प्रगती पाहून निर्णय घेता येईल. तेव्हा मला खरंच राग आला. साहेबांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "अहो, नकार नाही ना आला?"

०

आणि मग पवनचक्की आली.

त्याचं असं झालं की मुंबईची एक समिती वाऱ्याचा अभ्यास करायला जिल्ह्यात आली. मुक्काम बुलढाण्याच्या विश्रामगृहात, म्हणजे घाटमाथ्यावर. व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसले. तिथे संध्याकाळी असा वारा सुटतो की कपातला चहा पिण्याआधी निवतो. तिघांचे कागद उडाले. समितीने तिथल्या तिथे ठरवलं की या जिल्ह्यात वारा भरपूर आहे, विहिरींवर पवनचक्क्या बसवाव्यात.

आता घाटावर वारा आहे, पण चक्कीजोगं पाणी नाही. विहिरी घाटाखाली, आणि तिथे चैत्र-वैशाखात लिंबाचं पान हलत नाही. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "समितीने जिल्ह्यात वारा आहे असं म्हटलंय. गाव जिल्ह्यातच आहे ना?"

चक्की सोनाजीच्या विहिरीवर उभी राहिली. तिचे लोखंडी पाय नेमके थारोळ्यावर आले, जिथे मोटेचं पाणी ओततात तिथे. त्यामुळे मोट निघाली ती निघालीच. पण या वेळी कागदावर स्पष्ट लिहून आलं होतं. चक्की चालून पाणी देते असं मुंबईच्या साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं, की विहीर खोल करायचं अनुदान लगेच मंजूर. नाही चालली तर चक्की उचलून दुसऱ्या जिल्ह्यात आणि हे गाव यादीतून बाद. सोनाजीने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

उन्हाळाभर चक्की उभी राहिली. कावळ्यांची सोय झाली. पहिला पाऊस झाला, मग आषाढात तुफान वारा सुटला आणि ती दिवसरात्र गरगर फिरून विहिरीचं पाणी काढून आधीच तुंबलेल्या मळ्यात ओतू लागली. शेवटी सोनाजीने तिला दोराने बांधून टाकलं. बीडीओ साहेबांनी जीपमधून पाहिलं.

"चक्की काऊन बांधली?" साहेबांना आता आमची भाषा थोडी थोडी यायला लागली होती.

"सायेब, पाणी पाह्यजे तवा वारा नाही. वारा येते तवा पाणी आभायातूनच येते. दोघं मिळून वांगी बुडवून राह्यले."

साहेब म्हणाले, "कळवतो." आणि त्यांनी खरंच कळवलं. उत्तर आलं की पाहणी चैत्रात होईल.

०

चैत्रातला तो दिवस उजाडला. पाहणी दुपारी बाराची. आदल्या दिवशी बीडीओ साहेबांनी वानखडेला बोलावून सगळ्या तयारीची विचारपूस केली. खुर्च्या? झाल्या. नारळपाणी? खामगावहून मागवलं. हार? सांगितलाय.

"आणि वाऱ्याची व्यवस्था?"

वानखडे क्षणभरही थांबला नाही. "सोनाजीले सांगितलं हाये, सायेब."

मला वाटलं, हा नेहमीप्रमाणे वेळ मारून नेतोय. पण त्या दोघांचं खरंच काहीतरी ठरलं होतं. आठवड्यापूर्वी मिस्त्री चक्कीचा दोर सोडून तिला ग्रीस घालायला आला होता. त्याने विहिरीत उतरून पंपाचा लोखंडी दांडा हाताने वर-खाली केला, तेव्हा वर पातं फिरलं होतं. सोनाजी ते बघत उभा होता.

मुंबईचे साहेब आले. उंच, शांत माणूस. ऊन असं की जीपच्या पत्र्याला हात लागत नव्हता. लिंबाखाली खुर्च्या होत्या, पण लिंबाचं पान हलत नव्हतं. हार घालून घेतला, घाम पुसला आणि साहेब मळ्याकडे निघाले. सोनाजी हात जोडून बांधावर उभा होता. गिरजाबाई मागे, डोक्यावर पदर घेऊन. वांगी सुकून काळवंडली होती. हे अनुदान आलं नाही तर पुढच्या सालापासून मळा नाही, हे त्या दोघांनाही माहीत होतं आणि मलाही.

वानखडे खणखणीत आवाजात म्हणाला, "या सायेब, इकडून या."

आणि चक्की फिरायला लागली. आधी कुरकुरली, मग एकेक पातं करत चांगली लयीत फिरू लागली. नळातून पाणी आलं. थोडं, पण आलं.

मुंबईच्या साहेबांनी चक्कीकडे पाहिलं. मग लिंबाकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून बोटात धरला. रुमाल सरळ खाली लोंबत राहिला.

"इकडे वारा वरच्या वर वाहतो," बीडीओ साहेब म्हणाले. आयुष्यात परिपत्रकाबाहेरचं एवढं एकच वाक्य ते बोलले असतील.

मुंबईचे साहेब रुमाल हातात तसाच धरून वळले. सावकाश चालत विहिरीच्या काठावर गेले आणि वाकून आत पाहू लागले. चक्की थांबली. मी सोनाजीकडे बघितलंच नाही, माझी हिंमत झाली नाही. काठावर जाऊन मीही वाकलो. खाली सोनाजीचे दोन भाऊ आणि गावातले दोन पहिलवान, धोतरं खोचलेली, दांड्याला धरून वर बघत उभे होते.

शेवटी मुंबईच्या साहेबांनी विचारलं, "पाणी किती आहे?"

"गुडघ्याइतकं, सायेब," खालून एकजण म्हणाला.

साहेब सरळ उभे राहिले. रुमालाने कपाळ पुसलं, घडी करून खिशात ठेवला, आणि बीडीओ साहेबांना म्हणाले, "विहीर खोल करायची मंजुरी आजच देतो. फक्त आत एक कट्टा सोडा, चौघांना नीट उभं राहता येईल असा."